ज्येष्ठांची हालचाल कशी मोजतात आणि तिचा बुद्धीशी संबंध कितपत सिद्ध झाला आहे

नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असतो, असे सांगणाऱ्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. कधी त्यांत पावलांचा आकडा असतो, कधी मिनिटांचा, कधी टक्क्यांचा. या बातम्या बहुधा खोट्या नसतात. मात्र प्रत्येक आकड्यामागे दोन मोजमापे असतात, एक हालचालीचे आणि दुसरे बुद्धीचे, आणि ही दोन्ही वरवर वाटतात तितकी सोपी नाहीत. हालचाल कोणत्या पद्धतीने आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर मोजली, यावर तिचा मेंदूशी असलेला संबंध कधी ठळक दिसतो, कधी फिका पडतो, तर कधी दिसेनासा होतो. म्हणून निष्कर्षाकडे वळण्याआधी मोजपट्टी तपासून घ्यावी, असे मला आग्रहाने वाटते.

शारीरिक हालचालीची जी व्याख्या संशोधक वापरतात ती १९८५ सालची आहे: स्नायूंच्या कामामुळे होणारी आणि ऊर्जा खर्च करणारी शरीराची कोणतीही हालचाल. व्यायाम हा तिचा एक छोटा भाग झाला. सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत दिवसभरातली बरीचशी हालचाल व्यायामाच्या नावाखाली येतच नाही. घर आवरणे, जिना चढणे, झाडांना पाणी घालणे, नातवंडांमागे फिरणे, दर थोड्या वेळाने उठून दुसऱ्या खोलीत जाणे, अशी ती दिवसभर विखुरलेली असते. जी गोष्ट करणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही ती मोजायची कशी, ही या क्षेत्रातली पहिली अडचण आहे.

सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे प्रश्नावली. ज्येष्ठांसाठी खास तयार केलेली 'पेस' ही प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. ती गेल्या सात दिवसांतील चालणे, घरकाम, बागकाम, इतरांची शुश्रूषा अशा गोष्टी विचारते आणि त्यावरून गुण देते. प्रौढांसाठी जगभर वापरली जाणारी 'आयपॅक' ही दुसरी प्रश्नावली, किमान दहा मिनिटे सलग केलेल्या मध्यम आणि जोरकस हालचालींचे दिवस व मिनिटे विचारते. हा प्रश्न एखाद्या पंचाहत्तरीच्या बाईंना विचारून पाहावा. त्या सकाळी उठल्यापासून घरात वावरत असतात, पण कोणतेही काम सलग दहा मिनिटे चालत नाही. 'मध्यम' म्हणजे किती, हे त्यांना ठरवता येत नाही. शेवटी त्या 'रोज अर्धा तास' असे काहीतरी सांगतात आणि तो आकडा अभ्यासात नोंदला जातो. प्रौढांमध्ये लोकांनी सांगितलेली हालचाल आणि प्रत्यक्ष मोजलेली हालचाल यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा आढावा २००८ साली घेण्यात आला, तेव्हा दोहोंतील सहसंबंध सरासरीने ०.३७ इतकाच निघाला. पूर्ण मेळ असता तर हा आकडा १ आला असता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने प्रश्नावलीत आणखी एक दोष आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. आठवडाभरात आपण काय काय केले हे सांगायला स्मरणशक्ती लागते, वेळेचा अंदाज लागतो, प्रश्न नीट समजावा लागतो. म्हणजे ज्या क्षमतेचा हालचालीशी संबंध शोधायचा आहे, तीच क्षमता हालचाल सांगण्यासाठीही वापरली जाते. ज्यांची स्मृती मंदावू लागली आहे त्यांची उत्तरेही अधिक चुकणार. अशा वेळी दिसणारा संबंध हालचालीचा किती आणि उत्तर देण्याच्या क्षमतेचा किती, हे वेगळे करणे फार कठीण होऊन बसते.

ऊर्जा किती खर्च झाली हे अचूक मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात व्यक्तीला विशिष्ट समस्थानिके असलेले पाणी प्यायला देतात. त्यातला जड हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडतो, तर जड ऑक्सिजन पाण्याबरोबरच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधूनही बाहेर पडतो. पुढचे एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोघांच्या घटण्यातला फरक काढला, की कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला आणि त्यावरून ऊर्जा किती खर्च झाली ते कळते. मात्र ही तपासणी महागडी आहे, आणि तिच्यातून केवळ एकूण खर्च समजतो. तो चालण्यात झाला की कपडे धुण्यात, सकाळी झाला की रात्री, याचा पत्ता लागत नाही.

त्यामुळे मोठ्या अभ्यासांमध्ये आता अ‍ॅक्सेलरोमीटर वापरतात. मनगटावर, कमरेवर किंवा मांडीवर बांधायचे हे छोटे उपकरण तीन दिशांतील त्वरण नोंदवत राहते. 'यूके बायोबँक' या ब्रिटिश प्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून अधिक लोकांनी ते सात दिवस मनगटावर बांधले होते. उपकरण सेकंदाला १०० नोंदी घेत होते, म्हणजे एका व्यक्तीच्या एका आठवड्यात प्रत्येक दिशेच्या सहा कोटींहून अधिक नोंदी झाल्या. हात पूर्ण स्थिर असला तरी गुरुत्वाकर्षणामुळे उपकरण १ जी इतके त्वरण दाखवतेच. ते वजा केल्यावर उरते ती हालचाल. इथपर्यंतचे काम भौतिकशास्त्राचे आहे. या कच्च्या आकड्यांतून 'मध्यम हालचाल, ३० मिनिटे' असे वाक्य तयार करायचे म्हटले की माणसाने घेतलेले निर्णय सुरू होतात.

हे निर्णय किती फरक पाडतात ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कमरेवर बांधायच्या जुन्या पद्धतीच्या उपकरणात प्रत्येक मिनिटाच्या हालचालीचे 'काउंट', म्हणजे हालचाल किती झाली हे सांगणारे उपकरणाचे अंक, मोजले जात. मध्यम हालचाल कोठून सुरू होते याची १९९८ साली प्रसिद्ध झालेली आणि अतिशय प्रचलित झालेली सीमारेषा मिनिटाला १,९५२ काउंट ही आहे. ती तरुणांना ट्रेडमिलवर चालवून आणि पळवून ठरवली होती. पुढे २००९ साली ज्येष्ठांसाठी १,०४१ काउंट अशी खालची सीमारेषा सुचवण्यात आली. आता समजा, एखादे ऐंशीचे गृहस्थ सकाळी अर्धा तास आपल्या परीने झपझप चालले आणि उपकरणाने मिनिटाला १,४०० काउंट नोंदवले. पहिल्या सीमारेषेनुसार त्यांची मध्यम हालचाल शून्य मिनिटे भरते, दुसरीनुसार पूर्ण ३० मिनिटे. माणूस तोच आहे, चालणेही तेच. फक्त रेघ सरकली आणि ते 'निष्क्रिय' गटातून 'सक्रिय' गटात गेले.

या घोळाचे मूळ तीव्रतेच्या एककात आहे. हालचालीची तीव्रता 'मेट' या एककात मोजतात. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलीटर ऑक्सिजन वापरते असे मानून त्याला १ मेट म्हटले जाते. ३ मेटपासून मध्यम आणि ६ मेटपासून जोरकस हालचाल सुरू होते. मात्र वृद्धांमध्ये विश्रांतीचा ऑक्सिजनवापर अनेकदा याहून कमी असतो आणि कमाल क्षमता तर बरीच घटलेली असते. ज्यांची कमाल क्षमताच ५ मेट आहे त्यांच्यासाठी ३ मेटचे चालणे म्हणजे क्षमतेच्या ६० टक्के श्रम झाले. तरुण धावपटूला त्याच चालण्यात श्रम जाणवणारही नाहीत. हृदयाला आणि मेंदूला लाभ होत असेल तर तो बाहेरून दिसणाऱ्या वेगामुळे होतो की त्या शरीराला पडलेल्या ताणामुळे, हा प्रश्न खुला ठेवूनच कोणतीही सीमारेषा वापरली पाहिजे.

उपकरण कोठे बांधले आहे यालाही महत्त्व आहे. कमरेवरच्या उपकरणाला सायकल चालवणे जवळपास दिसत नाही. मनगटावरच्या उपकरणाला बसून केलेले हातकामही हालचाल वाटते, आणि वॉकर ढकलत चालणाऱ्या व्यक्तीचे हात हलत नसल्यामुळे तिची पावले मात्र सुटतात. अगदी संथ चालणाऱ्यांची पावले बहुतेक साधने कमीच मोजतात. म्हणजे ज्यांच्या हालचालीची नोंद आपल्याला सर्वाधिक हवी आहे, त्याच अशक्त ज्येष्ठांच्या बाबतीत चूक सर्वाधिक होते. वजन उचलण्याचा किंवा तोल सांभाळण्याचा व्यायाम तर उपकरणाला जवळजवळ कळतच नाही. बसणे आणि उभे राहणे यांतला फरक ओळखायचा असेल तर मांडीवर बांधलेले उपकरण सर्वांत उपयोगी ठरते, कारण बसल्यावर मांडी आडवी होते.

दुसरे मोजमाप बुद्धीचे. संशोधक ज्याला बोधनक्षमता म्हणतात तिच्यात स्मृती, अवधान, भाषा, विचारांचा वेग, नियोजन अशा अनेक क्षमता येतात, आणि त्या सगळ्या एकाच गतीने कमी होत नाहीत. १९७५ सालची 'एमएमएसई' आणि २००५ सालची 'मोका' या दोन्ही ३० गुणांच्या चाचण्या दवाखान्यात चाळणीसाठी चांगल्या आहेत. मात्र सुशिक्षित आणि निरोगी माणूस 'एमएमएसई'मध्ये सहज २९ किंवा ३० गुण मिळवतो, आणि त्याच्यात दोन वर्षांत झालेला सूक्ष्म बदल ती चाचणी टिपू शकत नाही. शिक्षण कमी असलेल्या व्यक्तीला त्याच चाचणीत कमी गुण मिळतात, मग तिचा मेंदू कितीही ठणठणीत असो. म्हणून संशोधनात अधिक बारीक चाचण्या घेतल्या जातात. त्यांतल्या एकीत कागदावर विखुरलेले अंक आणि अक्षरे आलटून पालटून रेषेने जोडायची असतात: १, मग अ, मग २, मग ब. ही चाचणी वरकरणी सोपी दिसते. परंतु मनात दोन क्रम एकाच वेळी धरून ठेवणे, एक क्षणभर सोडून दुसऱ्याकडे वळणे आणि तरीही न अडखळणे, हे सारे तिच्यात लागते, आणि वाढत्या वयात याच क्षमता लवकर मंदावतात. हालचालीचा संबंधही अनेकदा स्मृतीपेक्षा विचारांचा वेग आणि अशी कार्यकारी क्षमता यांच्याशी अधिक स्पष्ट दिसतो. एकच ढोबळ चाचणी वापरलेल्या अभ्यासात तो निसटू शकतो.

आता निष्कर्षांकडे येऊ. २०१२ साली अमेरिकेतील ७१६ वृद्धांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८२ वर्षे होते, त्यांनी दहा दिवसांपर्यंत मनगटावर उपकरण बांधले होते आणि नंतर काही वर्षे त्यांची तपासणी होत राहिली. सर्वांत कमी हालचाल असलेल्या दहा टक्क्यांना, सर्वांत जास्त हालचाल असलेल्या दहा टक्क्यांच्या तुलनेत, अल्झायमर होण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. यूके बायोबँकमधील ७८,४३० जणांच्या पावलांवर आधारित २०२२ सालच्या अभ्यासात दिवसाला सुमारे ९,८०० पावलांपर्यंत स्मृतिभ्रंशाचा धोका घटत गेलेला दिसला. त्यातला माझ्या मते अधिक मोलाचा आकडा दुसराच आहे: दिवसाला सुमारे ३,८०० पावलांवरही धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वत्र सांगितला जातो त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे, कोणत्याही वैद्यकीय अभ्यासात नाही. गुडघे दुखणाऱ्या, दम लागणाऱ्या असंख्य ज्येष्ठांना त्या आकड्याने विनाकारण नाउमेद केले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परंतु हे सारे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत आणि त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा आहे. कमी हालचालीमुळे मेंदू खालावतो, की मेंदू खालावू लागल्यामुळे हालचाल कमी होते? स्मृतिभ्रंशाचे निदान होण्यापूर्वी मेंदूतले बदल कित्येक वर्षे चालू असतात. त्या काळात माणसाचा उत्साह मावळतो, बाहेर पडण्याचा आत्मविश्वास कमी होतो, चाल मंदावते. अशा व्यक्तीच्या हाताला उपकरण बांधले तर ते कमी हालचाल नोंदवणार, आणि चार वर्षांनी निदान झाल्यावर दोष हालचालीच्या अभावावर जाणार.

ही शंका निव्वळ तात्त्विक नाही. ब्रिटनमधील 'व्हाइटहॉल २' या अभ्यासात १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा मध्यमवयापासून पाव शतकाहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मध्यमवयातील हालचाल आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांत संबंध आढळला नाही. ज्यांना स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल मात्र निदानाच्या सुमारे नऊ वर्षे आधीपासून घटू लागली होती. २०१९ साली १९ अभ्यासांतील चार लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली असता असेच चित्र दिसले. निदानाच्या आधीच्या दहा वर्षांत मोजलेली निष्क्रियता धोक्याशी जोडलेली होती, त्याहून आधी मोजलेली निष्क्रियता जोडलेली नव्हती.

तेव्हा हालचालीचा मेंदूला उपयोग नाही असे म्हणायचे का? इतक्या घाईने तसे म्हणता येणार नाही, आणि येथे मोजपट्टीचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. दीर्घकाळ चाललेल्या या अभ्यासांत हालचाल प्रश्नावलीने मोजलेली होती. मोजमापात चुका भरपूर असतील तर खरा संबंधही क्षीण दिसतो, जसा धूसर काचेच्या चष्म्यातून समोरचा फलक वाचता येत नाही, म्हणून फलक कोरा ठरत नाही. उलट उपकरणांनी अचूक मोजणारे मोठे अभ्यास अलीकडचे आहेत. यूके बायोबँकमधील पावलांच्या अभ्यासाचा पाठपुरावा सरासरी सात वर्षांच्या आतबाहेरचा आहे, म्हणजे उलट दिशेच्या परिणामाची शंका जेथे सर्वाधिक असते नेमका तोच कालखंड. जिथे पाठपुरावा लांब आहे तिथे मोजमाप ढोबळ, आणि जिथे मोजमाप अचूक आहे तिथे पाठपुरावा तोकडा. या विषयातले बहुतेक मतभेद या एका पेचातून निर्माण झालेले आहेत. उपकरणे बांधलेल्या त्या लोकांचे वय वाढत जाईल तसतसा तो सुटत जाईल.

दिशेचा प्रश्न सोडवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रयोग: चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे, एकाला व्यायाम द्यायचा, दुसऱ्याला नाही. २०११ साली १२० ज्येष्ठांवर झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात चालण्याचा व्यायाम करणाऱ्या गटात स्मृतीसाठी महत्त्वाच्या असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, आणि केवळ स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांत ते थोडे घटले. त्या निष्कर्षाने आशा खूप वाढवली. पुढे अमेरिकेतील 'लाइफ' या प्रयोगात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या जीवनशैलीच्या लोकांपैकी एका गटाला दोन वर्षे व्यायाम दिला गेला. २०१५ साली आलेल्या निकालानुसार त्या गटाची बोधनक्षमता आरोग्यशिक्षण घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली नाही. ऐंशीच्या पुढच्यांत मात्र कार्यकारी क्षमतेत थोडा लाभ दिसला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील 'फिंगर' या प्रयोगात १,२६० जणांपैकी एका गटाला व्यायाम, आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाबासारख्या धोक्यांवर देखरेख असे सगळे एकत्र दिले गेले, आणि बोधनक्षमतेत लहानसा पण स्पष्ट फायदा आढळला. त्यात व्यायामाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

मला स्वतःला उपलब्ध पुराव्यावरून असे वाटते की हालचालीचा मेंदूला लाभ होतो, पण तो मथळ्यांत दिसतो त्याहून लहान आहे आणि त्याला वेळ लागतो. त्याचे मार्ग तर्कसंगत आहेत: नियमित हालचालीने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या सुस्थितीत राहतात, झोप सुधारते. मृत्यूनंतर मेंदू तपासलेल्या ४५४ वृद्धांच्या २०१९ सालच्या अभ्यासात तर मेंदूतली विकृती हिशेबात घेतल्यावरही अधिक हालचाल करणाऱ्यांची बुद्धी जिवंतपणी अधिक चांगली असल्याचे आढळले. कदाचित हालचाल आजार रोखत नसेल, पण आजाराचा भार सोसण्याची मेंदूची ताकद वाढवत असेल.

घरातल्या ज्येष्ठांच्या मनगटावर आता स्मार्टवॉच असते, म्हणून त्याविषयी थोडे. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. संशोधनातही साधारणपणे किमान चार दिवस आणि रोज दहा तास उपकरण अंगावर असेल तरच नोंद ग्राह्य धरण्याची पद्धत आहे. पहिले काही दिवस माणूस उपकरणाच्या जाणिवेने जास्त चालतो, हेही लक्षात घ्यावे. दुसऱ्याच्या घड्याळाशी तुलना करू नये, कारण प्रत्येक कंपनीचे गणित वेगळे असते. वॉकर किंवा काठी वापरणाऱ्यांनी पावलांच्या आकड्यावर विसंबू नये. किती मिनिटे चाललो याची साधी नोंद त्यांना अधिक उपयोगी पडेल. आणि जे घड्याळात दिसत नाही ते विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबरच आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही सांगितले आहेत.

त्याच घड्याळाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो व्हाइटहॉलच्या निष्कर्षातूनच निघतो. एखाद्या व्यक्तीची हालचाल गुडघेदुखी, आजारपण किंवा हवामान असे उघड कारण नसताना महिनोन्‌महिने घटत असेल, नेहमीच्या वाटेला अधिक वेळ लागू लागला असेल, तर तिला आळशी म्हणून टोकू नये. ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे. मनाची उदासी, थायरॉइड, औषधांचे दुष्परिणाम, घटलेली दृष्टी अशी उपचार करता येण्याजोगी अनेक कारणे त्यामागे असू शकतात, आणि स्मृतीची तपासणी करून घ्यायची झाल्यास त्याची हीच वेळ असते.